घोडेडाळीची चकली

"तापेलं घे गं मोठं, आणि घोडेडाळीचा डबा खाली काढून ठेव. भाजणी पुरली नाही तर उद्या परत दळून आणावी लागेल."

माई शेगडीकडे तोंड करूनच हुकूम सोडते आणि दोन मुलं एकदम उठतात. थोरली मांडणीवरचं सगळ्यांत मोठं पातेलं दोन्ही हातांनी ओढते. तिचा भाऊ स्टुलावर चढून स्टीलचा उंच डबा छातीशी धरून उतरतो. डब्याला कागद चिकटवलाय आणि त्यावर निळ्या शाईत मोठ्या मामीचं वळणदार अक्षर: घोडेडाळ. दाराच्या चौकटीत उभे असलेले जावईबापू पातेल्याकडे बघतात, डब्याकडे बघतात आणि ताईच्या कानाशी वाकून विचारतात, "घोड्यांची डाळ आहे ही? फराळाला?"

"माईला विचार," ताई म्हणते.

साताऱ्याच्या मंगळवार पेठेतलं हे माझं आजोळ. दिवाळी दाराशी आलीय. वसुबारस परवा. त्या दिवशी या घरात गहू आणि मूग खात नाहीत आणि तळणीची कढईही चढत नाही, म्हणून चकल्यांचा सगळा घाणा आजच उरकायचा. अंगणात पोरांचा किल्ला अर्धा उभा आहे. त्याच्या उतारावर मोहरी पेरलीय, आणि मागे खरा अजिंक्यतारा दिसतोय. यंदा ताईचा, माझ्या मामेबहिणीचा, दिवाळसण, म्हणून अकोल्याचे जावई चार दिवस आधीच आले आहेत. त्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं होतं. ते तिथं बसले नाहीत. मला हे फार आवडलं. घर ऐकायचं तर स्वयंपाकघराच्या दारातच उभं राहायला हवं.

माई पदराला हात पुसत वळते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पण भाजणीच्या उकडीला अजून दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही.

"जावईबापू, हरभऱ्याची डाळ हो ती," असं तिच्याऐवजी मोठी मामीच सांगते. माई काही बोलत नाही, नुसती हसते. तिच्या तोंडून हा शब्द आजही येत नाही.

गोष्ट अशी की माझ्या पणजोबांचं नाव हरी. पणजीनं आयुष्यात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. नाव तर नाहीच, त्या नावानं सुरू होणारा शब्दही नाही. हरभरा मग घोड्यांचा दाणा झाला, त्याची डाळ घोडेडाळ झाली. वाण्याकडे यादी जायची तीही तशीच, आणि पेठेतल्या वाण्याला ती बरोबर कळायची. संध्याकाळी हरिपाठाला बसली की सगळ्या बायका मोठ्यानं म्हणायच्या आणि पणजी त्या दोन अक्षरांपाशी ओठ मिटायची. पुढच्या शब्दाला पुन्हा सुरात सामील व्हायची. माई या घरात सून म्हणून आली तेव्हा पणजोबा तिचे सासरे झाले. सासऱ्याचंही नाव घ्यायचं नाही, म्हणून घोडेडाळ सासूकडून सुनेकडे आली. माईला पहिला मुलगा झाला, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणून त्याचंही नाव हरी ठेवलं. आता आईनं मुलाला हाक कशी मारायची? रागावली तर त्याच नावानं रागावणार का? म्हणून तो नाना झाला. शाळेच्या दाखल्यावर हरी, निवृत्तीच्या कागदांवर हरी, घरात मात्र नाना. आमचा नानामामा तो हाच. या क्षणी तो पाटावर बसून सोऱ्याला आतून तेलाचा हात फिरवतोय.

महाराष्ट्रात किती तरी घरांत अशी दोन-दोन नावं नांदली. घरचं नाव कधी कधी इतकं मोठं होतं की मूळ नाव झाकून जातं. लोकमान्यांचं नाव केशव. घरात हाक मारायचे बाळ, आणि साऱ्या देशानं बाळ गंगाधर टिळक हेच नाव घेतलं. रमाबाई रानड्यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत न्यायमूर्तींचा उल्लेख 'स्वतः' असा केला. पुढे त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं तेव्हा त्या एका शब्दाचंच शीर्षक झालं: 'हिमसेल्फ'.

मला घोडेडाळ हा शब्द लहानपणापासून लाडका आहे. तरी त्याच्या मुळाशी सक्ती होती, हे विसरून त्याचं कौतुक करायला मन तयार होत नाही. पणजीला पर्याय नव्हता. तिला एक शब्द बोलायची बंदी होती आणि त्या बंदीतून तिनं दुसरा शब्द काढला, तोही असा टवटवीत की बंदी गेली तरी शब्द राहिला. शेजारीच माझी मामेवहिनी लाट्या मोडून सोऱ्यात भरतेय आणि अंगणातल्या नवऱ्याला नावानं हाक मारतेय, "अरे, पोराकडे बघ, चिखलात बसलाय!" माईच्या कपाळावर एक आठीही नाही.

चिखलात बसलेला तो पावशेर. वय वर्षं तीन. जन्मला तेव्हा माईनं हातात घेतला आणि म्हणाली, अगं, हा तर पावशेर लोण्याएवढा. आता चांगला गुटगुटीत आहे, पण नाव पक्कं झालं. त्याला उचलून आत आणतात, हातपाय धुतात आणि पाटावर बसवतात. समोर मामीनं भाजीसाठी उकडलेले बटाटे सोलायला घेतलेत.

"टबाटा!" पावशेर बोट दाखवतो.

"बटाटा," वहिनी म्हणते. "म्हण बघू, ब-टा-टा."

"ट-बा-टा."

वहिनी जरा काळजीत आहे. शाळेतून सांगितलंय की मुलाशी घरी स्पष्ट, बरोबर उच्चार करत बोला. आणि इथं मोठी मामी सरळ म्हणते, "टबाट्याची भाजी सुकीच करू ना?" नानामामा म्हणतो, "चार टबाटे जास्त टाक." वहिनी हसते, पण हसताना नवऱ्याकडे बघते, कुणी तरी माझी बाजू घ्या, अशा नजरेनं.

नानामामा मराठीचा निवृत्त शिक्षक. त्याच्यातला मास्तर अशा वेळी स्वस्थ बसत नाही. सोऱ्या बाजूला ठेवून तो म्हणतो, "सूनबाई, हा चुकत नाहीये. आवाज सगळे बरोबर आहेत, फक्त जागा बदलल्यात. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. वाराणसीचं बनारस झालं ते असंच. आपल्याकडे नुकसानाचं नुसकान झालंय, ते तर मंडईत रोज ऐकतेस."

"आणि पातेल्याचं तापेलं?" जावईबापू दारातून विचारतात. ते आता एक पाऊल आत आले आहेत.

"ते माझं," ताई म्हणते. लग्नात सगळ्यांसमोर नाव घेताना लाजली नव्हती, एवढी आत्ता लाजते. "मी लहान असताना म्हणायचे."

तिनं म्हणणं सोडलं असेल पाचव्या वर्षीच. घरानं सोडलं नाही. आणि पातेलं तापतंच की, त्यामुळे शब्द चुकीचा आहे असं कुणाला वाटेना. थोरलीला तर शाळेत जाईपर्यंत वाटत होतं की तापेलं हाच खरा शब्द आहे आणि पातेलं हे त्याचं पुस्तकातलं नाव.

मला वहिनीची काळजी समजते, पण मी नानामामाच्या बाजूची आहे. मूल टबाट्यावर अडून राहत नाही. त्याची जीभ वळायला लागली की ते आपणहून बटाट्याकडे येतं. आपण रोज बरोबर शब्द त्याच्या कानावर घालतोच आहोत. त्याचा शब्द आपल्या तोंडात आला की त्याला कळतं, मी बोललो ते या माणसांनी ऐकलं. बोलायची हिंमत तिथून येते.

"आणि आपणच त्याच्याशी कुठं सरळ बोलतो?" नानामामा थांबायला तयार नाही. "जोजो कर, भुर्र जाऊ, मंमं खा, हम्मा बघ, बाऊ झाला का. पुण्याचे अशोक केळकर, डेक्कन कॉलेजातले, भाषाशास्त्रातलं केवढं मोठं नाव. त्यांनी 1964 साली या बोबड्या मराठीवर अख्खा लेख लिहिला, 'मराठी बेबी टॉक'. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फर्ग्युसननं सहा भाषांमधली बाळबोली शेजारी-शेजारी ठेवून बघितली. अरबी, स्पॅनिश, इंग्रजी, कोमान्ची, गिल्याक आणि आपली मराठी."

"आपली कशाला घेतली?" माई विचारते.

"कारण आपण फार गोड बोलतो पोरांशी."

"मग बरोबर आहे," माई म्हणते आणि झाकण उचलते.

उकड झालीय. भाजणीएवढंच पाणी उकळून त्यात मोहन, तिखट, हळद, तीळ, ओवा, मीठ. मग भाजणी घालून एक वाफ. आता ती परातीत. पाण्याचा हात लावून मळायला ताई आणि वहिनी बसतात. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर दाताला लागते. मोहनाचा अंदाज माईच्या डोळ्यांत आहे आणि तो वाटी-चमच्यात सांगता येत नाही, हे आम्हा सगळ्यांचं दुखणं. मामेभावानं न्यू जर्सीहून सकाळी फोनवर विचारलं, घोडेडाळ किती, मोहन किती. तांदूळ चार वाट्या, घोडेडाळ दोन, उडीद एक, एवढं सांगता आलं. तिकडच्या दुकानात पाकिटावर चना डाळ छापलेलं असतं. त्याच्या घरातल्या बरणीवर मात्र त्यानं देवनागरीत घोडेडाळ लिहिलंय, तो फोटो घरच्या ग्रुपवर आलाय. पणजीनं न उच्चारलेलं नाव समुद्र ओलांडून गेलं.

मळता मळता परातीच्या काठाला ताईचा हात लागतो आणि हिरवी बांगडी चटकन—

"वाढली," माई लगेच म्हणते. फुटली म्हणायला कुणाला वेळच देत नाही. "बांगडी वाढली. तुकडे गोळा कर, उकडीत नको जायला."

जावईबापू मान डोलावतात. हे त्यांना ठाऊक आहे. "आमच्याकडेही असंच. आई तांदूळ संपले म्हणत नाही."

"कुणीच म्हणू नये," माई म्हणते. मग दोघंही आळीपाळीनं बोलू लागतात. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद करायचं नाही, तेही वाढवायचं. निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. रात्री सापाचं नाव नाही घ्यायचं, लांबडं म्हणायचं. सातारा आणि अकोला यांच्यामध्ये जेवढा महाराष्ट्र आहे, तेवढा या शब्दांपुरता तरी एका घरात मावतोय. अनारसा तुपात पसरला की तो हसला म्हणतात, तेही दोन्हीकडे. शब्दांशी लाडात यायची ही सवय एकट्या आमच्या घराची नाही. आमच्या घरात ती जरा जास्त फोफावली एवढंच.

पहिला घाणा तेलात जातो. सोऱ्या नानामामाच्या हातात, कागदावर तीन वेढ्यांची चकली, टोक दाबून बंद, मग झाऱ्यावरून अलगद कढईत. तेलाचा आवाज आधी मोठा, मग बारीक होत जातो. थोरलीचा भाऊ कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन, डोकं गुडघ्यांत घालून बसलाय. किल्ल्यावरचा त्याचा तोफवाला मावळा पावशेरनं चिखलात बुडवला.

"कडबोळं झालंय बघा," मामी म्हणते.

हे सांगायला नको. कडबोळ्यासारखा वेटोळं करून बसलेला मुलगा समोरच आहे. या घरात रुसणं नाही, कडबोळं होणं आहे, आणि त्याची उतरती-चढती भाषाही आहे. नुसतं तोंड फुगलं असेल तर कच्चं कडबोळं. बोलणं बंद असेल तर तळलेलं. जेवायलाही नको म्हटलं तर डब्यातलं. मुलाला विचारलं तर तो खाली मान घालून सांगतो, "तळलेलं." मग कुणी समजूत घालत नाही. थोड्या वेळानं मामा नुसतं म्हणतो, "कडबोळं सोडव, सोऱ्या फिरवायला माणूस हवाय," आणि मुलगा उठतो. रागाला असं नाव असल्यानं त्यातून बाहेर येताना मुलाला नमावं लागत नाही. मी अनेक घरं बघितली आहेत, जिथं रुसलेल्या मुलाला माघार घ्यायला जागाच ठेवलेली नसते.

थोरलीला आता लाडवांच्या डब्याचा सुगावा लागलाय. तो नैवेद्याआधी उघडायचा नाही. ती भावाच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते, "चाडूल चोनद चेघ."

भाऊ उठायच्या बेतात.

"चकोन," कढईवरून उत्तर येतं. माईनं मान वळवलेलीही नाही.

मुलं थिजतात. चची भाषा मोठ्यांना येत नाही, हा त्यांचा विश्वास क्षणात गेला. माई झाऱ्यानं चकली उलटत सांगते की मुलींच्या शाळेत मधल्या सुट्टीत त्या हेच बोलायच्या. पहिल्या अक्षराच्या जागी च, आणि ते अक्षर शेवटी. मास्तरीणबाईंना काही कळायचं नाही. मग खरंच कळायचं नाही का कोण जाणे, असं म्हणून ती स्वतःच विचारात पडते. त्यानंतर पाचेक मिनिटं स्वयंपाकघरात कुणी सरळ बोलत नाही. नानामामा मागे पडतो. मराठी शिकवण्यात जन्म गेला, पण 'चकली'चं काय करायचं, ती आधीच च आहे, यावर तो अडलाय. थोरली निकाल देते की चकली दोन्ही भाषांत चकलीच. बिचारी चकली सुटली.

पहिला घाणा ताटात आलाय. चव घ्यायला म्हणून ठेवलेल्या चकल्यांवर सगळे तुटून पडतात. काटे नीट उठलेत, आत पोकळ नळी आहे, मोहन बरोबर. माई एक तुकडा मोडून कानाशी नेते, आवाज ऐकते, मग तोंडात टाकते. ताटात शेवटी एकच उरते.

कुणी हात लावत नाही.

"लाजरा उरला," मामी म्हणते. "घ्या कुणी तरी लाजऱ्याला."

शेवटचा राहिलेला पदार्थ म्हणजे लाजरा. लाडू असो, वडी असो, चकली असो. घेणाराही लाजतो, उरलेलाही लाजतो. जावईबापूंना हे सांगावं लागतं. ते ऐकतात आणि त्यांचा चेहरा उजळतो.

"आमच्या घरी त्याला चौकीदार म्हणतात."

सगळे त्यांच्याकडे वळतात. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी सांगावं आणि आम्ही ऐकावं, असं झालंय.

"म्हणजे डबा राखतो ना तो. बाकीचे गेले, हा एकटा पहाऱ्याला. माझे आजोबा म्हणायचे, चौकीदाराला खाल्लं की डबा उघडा पडला, मग आजीला नवा घाणा करावाच लागायचा. म्हणून ते मुद्दाम आधी चौकीदार खायचे."

माई झारा हातात तसाच धरून ऐकते. "हुशार माणूस," ती म्हणते. मग वाद सुरू होतो. थोरलीला लाजराच बरा वाटतो, तो आपला आहे. भावाला चौकीदार हवा, कारण त्याच्या किल्ल्यावर चौकीदार नाही आणि चकली तिथं ठेवता येईल. वहिनी म्हणते, ताटात असेल तर लाजरा, डब्यात असेल तर चौकीदार. नानामामाला ही वाटणी पटते. ताई बोलत नाही, नवऱ्याकडे बघत राहते. तिच्या सासरच्या घरातला शब्द तिच्या माहेरच्या ताटापाशी भांडला जातोय, हे तिला फार बरं वाटतंय, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

या सगळ्या गोंधळात पावशेर पाटावरून उतरतो, ताटाशी येतो, शेवटची चकली दोन्ही हातांनी उचलतो आणि विचारतो, "मी चौदीकार खाऊ?"

वहिनी तोंड उघडते. चौ-की-दा-र, हे तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसतं. ती थांबते, परातीतला उरलेला गोळा मळायला घेते आणि म्हणते, "खा. अर्धा कडबोळ्याला दे."

दुसरा घाणा निथळतोय, तिसऱ्याच्या चकल्या कागदावर तयार आहेत, तेलाचा गॅस बारीक केलाय. ताटात पुन्हा एकच राहिलीय आणि दोन मुलं तिच्याभोवती उकिडवी बसून पहारा देतायत. मोठी मामी घाम पुसत ओरडते, "अरे, त्या चौदीकाराला उचला कुणी तरी, मला ताट हवंय!" जावईबापू वाकून तो उचलतात, मधोमध मोडतात आणि अर्धा माईपुढे धरतात.